लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंतील एक प्रश्नचिन्ह

(१) लंडन शहरीं ट्रफॅल्गार चौकाच्या उत्तर बाजूस असलेली राष्ट्रीय चित्रशाळा पाहण्याचा योग आम्हांस नुकताच दुसऱ्यांदा आला. पहिल्या खेपेस आम्ही तेथें, बहुतेक प्रवासी जातात त्याप्रमाणें, नामांकित चित्रें पाहण्यास गेलों होतों. या खेपेस चित्रांवर काय लिहिलें आहे व चित्रांशेजारीं काय लिहिलें आहे, तें वाचण्यास गेलों. जुने कागद चाळण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांचें चित्रशाळेंत काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून हें टिपण.

(२) संस्थेची हकीकत थोडक्यांत सांगतों. इ. स. १८२४ सालीं ब्रिटिश सरकारनें जॉन ज्यूलियस अँगरस्टीन या सावकाराच्या संग्रहांतील ३८ चित्रें ५७,००० पौंडांस विकत घेतलीं आणि त्याच्याच पॅल मॅलवरील घरांत तीं लोकांस खुलीं केलीं. विल्यम विल्किन्स यानें योजिलेली हल्लींची इमारत १८३८ सालीं उघडली. संग्रहांत आज २,३०० वर चित्रें असून कायमचा संग्रह पाहण्यास मोल पडत नाहीं. युरोपांतील कित्येक चित्रशाळा राजांच्या संग्रहांतून उत्पन्न झाल्या. ही मुख्यत्वेंकरून खरेदीनें व देणग्यांनीं वाढली. त्यामुळें येथील पुष्कळ चित्रांबाबत, तें विकत घेण्यापूर्वी कोठें होतें व कोणाचें होतें, हा शोध मागाहून करावा लागला. संशोधकास ही जागा गोड वाटते ती यामुळेंच.

(३) ब्रूज शहरीं इ. स. १४४१ सालीं वारलेला चित्रकार जान व्हान आइक याचीं तीन चित्रें या संग्रहांत आहेत. तिन्हींवर चित्रकाराचें नांव आहे व सालहि आहे. १४३२ च्या चित्रांत दगडी कठड्यामागें एक पुरुष हातांत कागदाची सुरळी धरून उभा आहे. कठड्यावर 'इमानी आठवण' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द कोरल्यासारखे रंगविले असून, खालीं १० ऑक्टोबरची मिती लॅटिन दस्तऐवजास शोभेल अशा भाषेंत घातली आहे. वर ग्रीक अक्षरांत एक नांव आहे. तें त्या पुरुषाचें खरें नांव कीं केवळ उपमा, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. दुसरें चित्र तांबड्या पागोट्याच्या पुरुषाचें. त्याची मूळची चौकट शाबूत आहे व तीवर, योहानेस दे आइक यानें मला २१ ऑक्टोबर १४३३ रोजीं केलें, असें चित्रच आपल्या तोंडानें बोलतें. हा पुरुष बहुधा खुद्द चित्रकार असावा. तथापि चित्रशाळेनें 'स्वतःचें चित्र' या शब्दांपुढें प्रश्नचिन्ह घातलें आहे. तिसरें चित्र सर्वांत विख्यात. तें १४३४ चें.

(४) हें तिसरें चित्र ओकच्या फळीवर तैलरंगांत काढलें असून त्याची उंची सुमारें ८२ व रुंदी ६० सेंटिमीटर आहे. एका खोलींत उंच टोपीचा पुरुष व हिरव्या झग्याची स्त्री हातांत हात देऊन उभीं आहेत. पायांशीं कुत्रें, वर पितळी झुंबर व त्यांत एकच जळती मेणबत्ती. मागील भिंतीवर गोल आरसा आहे; त्यांत या दोघांच्या पाठी आणि दारांत उभीं असलेलीं आणखी दोन माणसें दिसतात. आरशाच्या वर, भिंतीवरच, वळणदार दरबारी लिपींत लिहिलें आहे कीं, योहानेस दे आइक येथें होता, १४३४. 'केलें' असें नव्हे, 'येथें होता' असें. आमच्या वाचकांस महजराची आठवण होईल. महजराच्या शेवटीं ज्याप्रमाणें हजर असलेले लोक आपलीं नांवें साक्ष म्हणून घालतात, त्याप्रमाणेंच हा मजकूर दिसतो.

हीच कल्पना एर्विन पानोफ्स्की या जर्मन पंडितानें १९३४ सालीं, म्हणजे चित्रास बरोबर पांचशें वर्षें झालीं त्या वर्षीं, मांडली. त्याच्या मतें हें चित्र म्हणजे विवाहाचा दाखला; चित्रकार हा साक्षीदार; कुत्रें म्हणजे निष्ठा; एकटी मेणबत्ती म्हणजे ईश्वराची उपस्थिति. उपपत्ति इतकी सुरेख होती कीं पुढें कित्येक वर्षें हें चित्र 'आर्नोल्फिनीचा विवाह' या नांवानेंच ओळखलें गेलें.

(५) आतां पुरावा पाहूं. इ. स. १८४२ सालीं चित्रशाळेनें हें चित्र ६०० पौंडांस घेतलें तेव्हां यांतील माणसें कोण हें कोणासच ठाऊक नव्हतें. १८५७ सालीं क्रो व काव्हालकासेल्ले या दोघां अभ्यासकांनीं त्याचा संबंध नेदरलंड्सची कारभारीण मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया हिच्या जिन्नसांच्या यादीशीं जोडला. त्या १५१६ च्या यादींत, एका दालनांत आपल्या पत्नीसह असलेल्या 'एर्नूल ल फॅं' याचें मोठें चित्र, डॉन दिएगो यानें दिलेलें, योहानेस या चित्रकाराचें, अशी नोंद आहे. 'एर्नूल ल फॅं' म्हणजे लुक्का शहराहून ब्रूजला येऊन राहिलेल्या आर्नोल्फिनी या व्यापारी घराण्याच्या नांवाचें फ्रेंच कारकुनानें केलेलें रूप, असें ठरलें. त्या घराण्यांतील जोव्हान्नी दि आर्रिगो हा पुरुष, व त्याची पत्नी जोव्हान्ना चेनामी ही स्त्री, असें पुढें सर्वत्र छापलें गेलें.

१९९७ सालीं झाक पाव्हियो यानें एक दप्तरी नोंद प्रसिद्ध केली. तीवरून या दोघांचा विवाह १४४७ सालीं, म्हणजे चित्रानंतर १३ वर्षांनीं व चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६ वर्षांनीं, झाला असें दिसून आलें. एका ओळीनें सगळी इमारत ढासळली. लॉर्न कॅम्पबेल यानें १९९८ च्या चित्रशाळेच्या सूचीग्रंथांत पुरुष म्हणून त्याच नांवाच्या भावबंदास, जोव्हान्नी दि निकोलाओ यास, पुढें आणलें. परंतु त्याची पत्नी कोस्तान्झा ही १४३३ च्या आरंभींच हयात नव्हती, असें एका समकालीन पत्रावरून निघतें. तेव्हां ही स्त्री मृत पत्नी, कीं अज्ञात दुसरी पत्नी, हा वाद आहे. शिवाय रंगाखालील रेखाटन अवरक्त किरणांनीं तपासतां, कुत्रें व झुंबर हीं मूळ आंखणींत नसून मागाहून रंगवितांना घातलीं गेलीं, असें आढळलें. ज्या वस्तूंवर पानोफ्स्कीनें विवाहाचा अर्थ उभारला त्यांतील मुख्य वस्तूच आरंभीं योजिल्या नव्हत्या. यावरून त्यांना अर्थच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. पण दस्तऐवज म्हणून त्यांचा दर्जा उतरतो हें खास.

(६) हल्लीं चित्रशाळेनें दिलेलें नांव 'जोव्हान्नी(?) आर्नोल्फिनी व त्याची पत्नी' असें आहे. मोठ्या राष्ट्रीय संस्थेनें आपल्या अति विख्यात चित्राच्या नांवांत उघडपणें प्रश्नचिन्ह घालावें, याचें आम्हांस मनापासून कौतुक वाटतें. सुंदर कथा सोडून देण्यास धैर्य लागतें.

तरीपण आमचा आक्षेप असा कीं हें प्रश्नचिन्ह पुरेसें नाहीं. तें केवळ 'जोव्हान्नी' या पहिल्या नांवापुढें आहे. 'आर्नोल्फिनी' हें आडनांव ज्या यादीवर आधारलें आहे ती चित्रानंतर ८२ वर्षांची; 'पत्नी' हा शब्दहि त्याच यादींतला. एकाच साक्षीदाराच्या जबानीचा अर्धा भाग निःशंकपणें घ्यावा व तींतून काढलेल्या अनुमानापुढें मात्र शंकेची खूण करावी, हें पुराव्याच्या शास्त्रास धरून नाहीं. ती यादी विश्वसनीय नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ती उत्तरकालीन आहे एवढेंच म्हणतों, आणि पाहणारास तें कळावें अशी अपेक्षा करतों. शेजारच्या पाटीवर दोनचार वाक्यांत निर्णय येतो, निर्णयाचीं कारणें सूचीग्रंथांत राहतात. यादीतील त्या नोंदीची एक प्रतिकृति चित्राजवळ टांगली, तर सामान्य मनुष्यासहि शंका कोठें आहे तें समजेल.

दुसरी गोष्ट चौकटीची. १५१६ मध्यें या चित्रास झांकणारीं दारें होतीं व त्यांवर देणाऱ्या डॉन दिएगोचीं कुलचिन्हें होतीं. चित्र पुढें स्पेनच्या राजांकडे गेलें. तीं दारें व ती चौकट आज नाहींशीं झालीं आहेत. तांबड्या पागोट्याच्या पुरुषाची चौकट टिकली म्हणून मिती टिकली. या चित्राची चौकट गेली तिच्याबरोबर काय गेलें तें कोण सांगणार? ज्यानें पोथीचें शेवटचें पान फाटलेलें पाहिलें आहे त्यास हें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

(७) हें सर्व परदेशच्या चित्राविषयीं लिहिण्याचें प्रयोजन घरचें आहे. वा. सी. बेंद्रे यांनीं शिवछत्रपतींचें अस्सल चित्र उजेडांत आणीपर्यंत इब्राहीमखान नांवाच्या भलत्याच गृहस्थाचें चित्र महाराजांचें म्हणून चालत होतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस माहीत आहे. ती चूक दुरुस्त झाली. ती संवय मात्र गेली नाहीं. एका संग्रहांत, त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं, आम्हीं एका जुन्या चित्राखालीं अलीकडच्या कागदावर एका प्रसिद्ध सरदाराचें नांव डकविलेलें पाहिलें. आधार विचारतां, 'पूर्वीपासून असेंच म्हणतात' असें उत्तर मिळालें. चित्र उलटून पाहतां मागें मोडींत दोन ओळी होत्या. त्या आजवर कोणीं वाचल्या नव्हत्या. अर्धी अक्षरें पुसली होतीं, परंतु जीं लागलीं त्यांत त्या सरदाराचें नांव नव्हतें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं चित्राची मागील बाजू, चौकट, चिठी व शेरा यांस चित्राइतकेंच जपावें. नांव लिहितांना तें कोणत्या काळच्या पुराव्यावरून लिहिलें तेंहि लिहावें. आणि जेथें खात्री नसेल तेथें प्रश्नचिन्ह घालण्यास लाजूं नये. घालतांना तें योग्य शब्दापुढें घालावें, इतकें मात्र लंडनच्या उदाहरणावरून शिकण्यासारखें आहे.