मृतवत्सा : एका शब्दाची उलटतपासणी

नवरा गेलेली ती विधवा, आईबाप गेलेले ते पोरके. मूल गेलेल्या आईसाठी मात्र भाषेत शब्दच नाही, हे विधान शोकाविषयीच्या लेखनात वारंवार भेटते. मला ते मान्य नाही. संस्कृतात ‘मृतवत्सा’ हा शब्द आहे. अडचण शब्दाच्या अभावाची नसून त्याच्या अर्थाची आहे. हारीतसंहितेत मृतवत्सा हा वंध्यत्वाचा एक प्रकार गणला आहे. म्हणजे जिने बाळ जन्माला घातले, तिचीच वर्णी वांझेत. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पातली जातहारिणी अधर्माने वागणाऱ्या स्त्रीला गाठते आणि तिची अपत्ये हिरावते. दोन्हीकडे दोष आईच्या ठायी, आणि मुलाचा मृत्यू हा त्याचा परिणाम.

ही कार्यकारणाची दिशा उलटी करून पाहणारे संशोधन अलीकडचे आहे. जिओंग ली आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० ते १९९६ या काळात मूल गमावलेल्या २१,०६२ आईबापांची त्यात इतरांशी तुलना आहे. अशा आयांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. पहिल्या तीन वर्षांत अपघात, आत्महत्या अशा अनैसर्गिक मृत्यूंचा धोका जवळजवळ चौपट होता. आजारपणाने येणाऱ्या मृत्यूंतली वाढ मात्र दहा ते अठरा वर्षांनी दिसली. ‘काळ हेच औषध’ म्हणणाऱ्यांनी या आकड्यापाशी थांबावे. लोक विसरून गेल्यावर देह हिशेब मांडतो.

माझा आक्षेप या अभ्यासाच्या चौकटीवर आहे. मृत्यूची नोंद होते, पण उडालेली झोप, वाढलेला रक्तदाब, तुटलेली भूक यांची होत नाही. शिवाय चौकटीत आईबापच आहेत, आजी नाही. १९९१ साली पॉन्झेटी आणि जॉन्सन यांनी आजीआजोबांना विसरले गेलेले शोकार्त म्हटले, ते आपल्या घरांना चपखल लागू पडते. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी, बाळंतिणीला शेक देणारी तीच. बाळ गेल्यावर नातवाचे दुःख आणि लेकीचे किंवा सुनेचे दुःख अशी दोन ओझी तिच्यावर येतात. आणि सांत्वनाला आलेली माणसे तिलाच सांगतात, ‘तुम्ही धीर धरा, तिला सांभाळा.’

आपण बालमृत्यू हजार जिवंत जन्मांमागे मोजतो. हजार आयांमागे किती जणींनी मूल गमावले, हेही मोजले पाहिजे, आणि त्या मोजणीत आजीला जागा हवी. तोवर ‘मृतवत्सा’ या शब्दातला जुना आरोप पुसला गेला, असे मी मानणार नाही.