रविवारची गोळी, मांजरीची लस आणि एक अर्धवट वाक्य

२०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या आत्याने रविवारची गोळी बंद केली. आत्या मांजरी बुद्रुकला राहते. तिला दहा-बारा वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट ही गोळी रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, म्हणून आमच्या घरात तिचं नावच 'रविवारची गोळी'. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झाली आणि कुणीतरी तिला सांगितलं, "ताई, या गोळीने प्रतिकारशक्ती कमी होते. गोळी चालू ठेवलीत तर लस लागूच पडणार नाही." कोविशील्ड सीरमच्या हडपसर-मांजरी परिसरात बनत होती, तिच्या घराजवळच. गावची लस जगाला चालते आणि आपल्याला चालणार नाही, हे तिच्या मनाला लागलं. डॉक्टरांना न विचारता तिने गोळी सोडली. मे महिन्यात सरकारने दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तशी गोळीची सुट्टीही लांबली. जूनपर्यंत बोटं इतकी सुजली की तिला भाकरी थापता येईना.

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षात होतो आणि तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते २०२२ मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी'त आलं, आणि अभ्यास आपल्याच देशातला होता. आज त्या पेपरची चिकित्सा करू. त्याआधी त्या वाक्याची, कारण तुमच्यापैकी बरेच जण रिसर्च प्रपोजलच्या पहिल्याच परिच्छेदात ते लिहिता.

'प्रतिकारशक्ती कमी होते', पण कोणती?

पहिली चूक अशी, की या वाक्यात सगळा दोष औषधावर जातो. आमवात हाच मुळात प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ सारखे संदेश सतत चालू राहतात, सांध्याचं अस्तर सुजतं. एवढी यंत्रणा 'जागी' आहे म्हणजे ती जंतूंशी जास्त चांगली लढेल असं वाटतं. तसं होत नाही. अमेरिकेतल्या ऑल्मस्टेड काउंटीचा एक जुना अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आमवाताचे ६०९ रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच लिंगाचे, आमवात नसलेले तितकेच लोक होते. संसर्ग रुग्णांमध्ये स्पष्टपणे जास्त होते, आणि ती माणसं बहुतेक आजच्या बायोलॉजिक औषधांच्या आधीच्या काळातली. कॉर्नेलिया वेयंड आणि यॉर्ग गोरोन्झी यांच्या गटाने दाखवलं की या रुग्णांच्या टी पेशी वयाच्या मानाने लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणजे औषध सुरू होण्याआधीच घरात पडझड झालेली असते.

दुसरी चूक म्हणजे सगळी औषधं एकाच पोत्यात भरणं. प्रत्येक औषध वेगळ्या ठिकाणी कापतं:

- हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: संसर्गाच्या बाबतीत जवळपास निरुपद्रवी.
- स्टेरॉइड: सगळीकडे थोडं थोडं दाबतं. इथे डोस आणि कालावधी हाच खरा प्रश्न.
- टीएनएफ-रोधक: क्षयाचे जंतू शरीरात ज्या गाठीत कोंडलेले असतात ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की दबलेला क्षय उठू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात म्हणूनच हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात.
- जेएके-रोधक: यात नागीण जास्त दिसते.
- रिटुक्सिमॅब: बी पेशीच काढून टाकतं, त्यामुळे पुढचे काही महिने लसीनंतर अँटिबॉडी फारशा बनत नाहीत. टी पेशींचा प्रतिसाद मात्र बऱ्याच जणांत येतो.
- मेथोट्रेक्सेट: फोलेटच्या वाटेवर काम करतं, दाह कमी करतं, आणि लसीनंतर वेगाने वाढू पाहणाऱ्या पेशींना थोडं मागे खेचतं. थोडं, पूर्ण नाही.

ही यादी पाठ करायला दिलेली नाही. तुम्ही 'इम्युनोसप्रेसिव्ह औषधं घेणारे रुग्ण' असा एकच गट केलात, तर त्या गटाची सरासरी कुणाचीच नसते, एवढंच यातून घ्यायचं.

कोचीची चाचणी

आता पेपर. कोचीच्या डॉ. पद्मनाभ शेणॉय यांच्या गटाने 'मिव्हॅक' नावाच्या दोन चाचण्या केल्या. रुग्ण आमवाताचे किंवा सोरायटिक आर्थ्रायटिसचे, मेथोट्रेक्सेटवर स्थिर असलेले, आधी कोविड न झालेले. लस कोविशील्ड. पहिल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांनी दोन्ही डोसनंतर दोन-दोन आठवडे गोळी थांबवली, अर्ध्यांनी चालू ठेवली. दुसऱ्या चाचणीत गोळी फक्त दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे थांबवली. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मुख्य मोजमाप एकच: दुसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी विषाणूच्या आरबीडी भागाविरुद्धच्या अँटिबॉडी.

निकाल स्वच्छ आहे. गोळी थांबवणाऱ्यांमध्ये अँटिबॉडीची पातळी साधारण दुप्पट ते अडीचपट. पण दोन्ही डोसनंतर थांबवलं तर आजार उसळण्याचं प्रमाणही वाढलं. लेखकांचा निष्कर्ष असा: फक्त दुसऱ्या डोसनंतर थांबवा, अँटिबॉडी तेवढ्याच मिळतात आणि सांध्यांचा त्रास कमी होतो.

यातलं कौतुकास्पद काय? प्रश्न खऱ्या दवाखान्यातून आला होता. आत्यासारखे हजारो लोक तोच प्रश्न विचारत होते आणि उत्तर नसताना स्वतःच गोळ्या सोडत होते. लस आपल्याकडची आणि रुग्णही आपल्याकडचे. नवीन औषध लागलं नाही, महाग यंत्र लागलं नाही. 'आपल्याकडे सोयी नाहीत' हे कारण मी स्वतः अनेकदा दिलं आहे, म्हणून हा पेपर मला जास्त टोचला.

आता कच्चे दुवे.

एक, मोजलं काय? अँटिबॉडी मोजल्या, आजारपण नाही. दुप्पट अँटिबॉडी म्हणजे दुप्पट संरक्षण असं गणित नसतं. एका पातळीच्या वर गेल्यावर वाढीचा उपयोग कमी होत जातो, आणि टी पेशींचं काम या आकड्यात येत नाही. वर रिटुक्सिमॅबचं उदाहरण दिलं ते याचसाठी. रुग्णालयात भरती होणं मोजायचं तर कितीतरी मोठा अभ्यास लागला असता, त्यामुळे लेखकांना दोष देत नाही. पण निष्कर्ष वाचताना 'लस जास्त चालली' असं म्हणू नका. 'अँटिबॉडी जास्त आल्या' एवढंच म्हणा.

दोन, कुणाला काय माहीत होतं? तपासणाऱ्या डॉक्टरांना गट माहीत नव्हता, हे चांगलं. रुग्णाला मात्र माहीत होतं, कारण गोळी त्यानेच थांबवली होती. रक्तातल्या अँटिबॉडीवर याचा परिणाम होत नाही. पण आजार मोजण्याच्या डीएएस-२८ या गुणांकनात दुखरे सांधे आणि 'तुम्हाला एकंदर कसं वाटतंय' हेही येतं. आपण गोळी सोडली आहे हे माहीत असलेला माणूस प्रत्येक कळ लक्ष देऊन मोजतो. त्यामुळे एकाच पेपरमधले दोन आकडे सारख्याच भरवशाचे नाहीत.

तीन, तुलना कुणाची कुणाशी? सगळ्यात व्यवहारी निष्कर्ष, म्हणजे 'एकदाच थांबवणं पुरे', हा पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीची आपसात तुलना करून आला आहे. चिठ्ठ्या प्रत्येक चाचणीच्या आत पडल्या होत्या, दोन चाचण्यांच्या मध्ये नाही. त्या वर्षी डोसमधलं अंतर बदलत होतं, साथही बदलत होती. अशा गोष्टी या तुलनेत गुपचूप शिरू शकतात. निष्कर्ष पटण्यासारखा आहे, पण चाचणीतल्या मुख्य निकालाइतका पक्का नाही. पद्धतीचा भाग वाचताना 'चिठ्ठ्या नेमक्या कुठे पडल्या' हा प्रश्न पेन्सिलने समासात लिहायची सवय लावा.

चार, आज हे कुणाला लागू? आधी कोविड न झालेली माणसं शोधणं आज जवळपास अशक्य आहे. म्हणून शेजारचे पुरावेही बघायचे. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवल्यावर समाधानकारक प्रतिसाद ७५.५ टक्के रुग्णांत आला, चालू ठेवणाऱ्यांत ५४.५ टक्के. ब्रिटनमधल्या 'व्हरूम' चाचणीत २५४ जण होते. बूस्टरनंतर दोन आठवडे थांबवल्यावर अँटिबॉडी दुपटीहून जास्त झाल्या, आणि तिथेही सुरुवातीला सांधे जास्त उसळले. तीन देश, वेगवेगळ्या लसी, आणि दिशा एकच. एका पेपरच्या भोकांवर असं ठिगळ बसतं.

मग आत्याला काय सांगायचं?

या सगळ्या अभ्यासांत सुट्टी दोन आठवड्यांची आहे. आत्याची तीन महिन्यांची झाली. तिला मिळालेलं वाक्य पूर्ण खोटं नव्हतं, आणि तीच खरी पंचाईत. त्यात किती, कधी, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात, हे चारही आकडे गायब होते. 'लसीनंतर दोन रविवार सोडता येतील का, ते डॉक्टरांना विचार' एवढं कुणी म्हणालं असतं, तर तिचा उन्हाळा वेगळा गेला असता. (वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ही गोळी चालू असेल, तर निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. या लेखावरून काहीही बंद करू नका.)

गेल्या दिवाळीत मी तिला हा पेपर मराठीत समजावला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझी लस लागली होती का नाही?" मी म्हटलं, अँटिबॉडी कदाचित चांगल्या आल्या असतील, आपण मोजल्या नाहीत. ती म्हणाली, "आणि बोटं?" एक्स-रेमध्ये दोन सांध्यांची झीज दिसते. ती गोळी सोडल्यामुळे झाली की आधीपासून होत होती, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. पण तिने जे दोन प्रश्न विचारले, तेच त्या पेपरमधले दोन रकाने आहेत: मिळालं काय आणि गेलं काय. तुमच्या प्रपोजलमध्ये हे दोन्ही रकाने आहेत का, ते आज तपासा.