आवा नसलेला कुंभार

गदिमांचं ‘फिरत्या चाकावरती’ आपल्यातल्या बहुतेकांनी सुधीर फडक्यांच्या आवाजात कधी ना कधी ऐकलेलं असतं. १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटातलं हे गाणं विठ्ठलाला कुंभार करतं. त्यात चाक आहे, घट आहेत, उतरंड आहे. आवा नाही. म्हणजे मडकी भाजायची जागाच नाही.

सहज राहून गेलं म्हणावं, तर पहिलं कडवं ऐका. पंचमहाभूतं बोलावली आहेत, पण आगीच्या जागी उजेड आलाय. शब्द सुंदर आहे. पण उजेडात मडकं फार तर वाळतं; पाणी ओतलं की परत चिखल. आव्यातून निघाल्यावर मात्र त्याची माती होत नाही. गोरोबाकाकांच्या गोष्टीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिथे नामदेवही कच्चं मडकं ठरतात.

आवा गाळल्याने गाण्याचा विचारच बदलतो, असं मला वाटतं. पुढे एका घटाला लोणी मिळतं, दुसऱ्याला निखारे, आणि कारण म्हणून दैव येतं. आव्यात गोवऱ्या, लाकडं, त्यांवर मडकी, वरून पेंढा नि मातीचा लेप. हवा पोचते तिथे मातीतल्या लोहामुळे मडकं लाल होतं, धूर कोंडतो तिथे काळं. कडेचं कच्चं राहू शकतं. माती एक, हात एक. फरक पडतो तो कुठे ठेवलं याने.

इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला या जागेचाच धंदा झाला होता. विटांच्या, बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या, एके काळी दोनेक हजार. भांडी ‘सॅगर’ नावाच्या मातीच्या डब्यांत, म्हणजे धूर-ज्वाळा थेट लागत नाहीत. कुठे ताप जास्त हे ओळखून डबे रचणारे कामगार वेगळे, आणि दोन-तीन दिवस आग सांभाळणारा ‘फायरमन’ वेगळा. माल बिघडला तर जाब कुणाला विचारायचा, हे माहीत असायचं. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर त्या भट्ट्या विझत गेल्या. आज पन्नासही उभ्या नाहीत.

गाणं भाबडं नाही. शेवटच्या कडव्यात ते विठ्ठलालाच जाब विचारतं, आणि तिथे फडक्यांचा आवाज मला दरवेळी गप्प करतो. पण तो जाब फक्त वर जातो. रचणारे हात सुटतात. मी कोरेगाव भीमात राहतो. कुणाला कुठे ठेवायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न घेऊन १ जानेवारीला इथे विजयस्तंभापाशी लाखो लोक येतात. त्या गर्दीत दैवाचं ते कडवं कसं ऐकू येईल, याची मला उत्सुकता आहे.