आकडे मोठे, हवा थोडी

घरगुती कामासाठीचे लहान कॉम्प्रेसर आता सातारा-सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानांतही सहज मिळू लागले आहेत. गाडीच्या चाकात हवा भरणे, शिलाई यंत्रातील धूळ उडवणे, दारे-खिडक्या किंवा गणपतीच्या मूर्ती फवाऱ्याने रंगवणे अशी त्यांची कामे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही हे यंत्र दिसते. शास्त्रीय परिभाषेत याला संपीडक म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र यंत्रापेक्षा त्याबरोबर येणारे माहितीपत्रक आणि टाकीवरची पट्टी हा आहे. ग्राहक निवड करतो ती या मजकुरावरून. म्हणून एखाद्या पुस्तकाचे करावे तसे त्याचेही परीक्षण व्हायला हवे.

पट्टीवर साधारणपणे चार आकडे असतात: अश्वशक्ती, टाकीचे लिटर, कमाल दाब आणि दर मिनिटाला मिळणारी हवा. चारही आकडे खरे असू शकतात आणि तरीही ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते. कशी, ते क्रमाने पाहू.

दाबाचा आकडा

सर्वांत ठळक छापला जातो तो कमाल दाब. मोटारीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणाऱ्या मुठीएवढ्या पंपावरही '१५० पीएसआय' असे लिहिलेले आढळते. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय, तेव्हा हा दाब झाला १० बारपेक्षा थोडा जास्त. मोटारीच्या चाकाला लागतात ३२ पीएसआयच्या आसपास. म्हणजे पंप गरजेच्या पाचपट जोरदार आहे काय? मुळीच नाही. दाब हे बलाचे माप आहे, कामाच्या वेगाचे नव्हे. इंजेक्शनच्या लहान पिचकारीचे तोंड बंद करून दट्ट्या दाबला तरी आत मोठा दाब तयार होतो, पण त्या पिचकारीने चाक भरायला दिवस जाईल.

दुसरा घोटाळा शून्याचा आहे. दाबमापकाचा काटा शून्यावर असतो तेव्हा टाकी रिकामी नसते, तिच्यात बाहेरच्याइतक्याच दाबाची हवा असते. मापक दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. बॉइलच्या नियमात (१६६२) मात्र निरपेक्ष दाब घालावा लागतो. मापकावर ८ बार म्हणजे निरपेक्ष ९ बार. आपल्या वर्गातील उदाहरणांत दाब बहुधा 'वातावरण' किंवा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. त्यामुळे नियम पाठ असलेला विद्यार्थीही खऱ्या दाबमापकासमोर गोंधळतो. हा दोष पत्रकाचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे.

लिटरचे दोन अर्थ

पत्रकात 'लिटर' दोनदा येते. '२५ लिटर' हे टाकीचे आकारमान. त्याने हवा निर्माण होत नाही, फक्त साठते. ८ बारपर्यंत भरलेली २५ लिटरची टाकी ३ बारपर्यंत उतरू दिली, तर बाहेरच्या दाबाला मोजलेली सुमारे २५ × ५ = १२५ लिटर हवा मिळते. सायकलच्या चाकाचे आकारमान २ लिटर आणि दाब ३ बार धरला तर लागते ६ लिटर. मोटारीच्या ३० लिटरच्या चाकाला २.२ बारपर्यंत न्यायला लागते ६६ लिटर. चाके भरण्यासाठी ही टाकी पुरेशी आहे हे यावरून कळते.

दुसरे लिटर म्हणजे दर मिनिटाची हवा. खरी मेख येथे आहे. समजा, दट्ट्याचा व्यास ४.२ सेंटिमीटर, त्याची चाल ३ सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला २८५०. दर फेऱ्याला सुमारे ४१.६ घन सेंटिमीटर जागा पुसली जाते, म्हणजे मिनिटाला ११८ लिटर. पुष्कळदा पट्टीवर छापला जातो तो हाच आकडा. परंतु हा नळकांड्याचा भूमितीय हिशेब झाला. टोकाशी दट्ट्या झाकणाला टेकत नाही, तेथे थोडी फट ठेवावीच लागते. या फटीतली दाबलेली हवा दट्ट्या मागे येताना पुन्हा फुगते आणि तेवढी नवी हवा आत येऊ देत नाही. फट चालीच्या आकारमानाच्या ४ टक्के धरली आणि निरपेक्ष दाब ९ पट असला, तर समतापी हिशेबाने ती हवा ३६ टक्के जागा व्यापते. म्हणजे ३२ टक्के नुकसान येथेच झाले. ११८ चे ८० उरले. झडपांची गळती आणि तापलेल्या नळकांड्यात येताच प्रसरण पावणारी हवा यांमुळे आणखी घट होते.

म्हणून विचारायचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी मुक्त हवा, आणि तीही कोणत्या दाबाला. ती मोजण्याची पद्धत आयएसओ १२१७ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. ज्या पत्रकात हा आकडा दाबासह दिलेला असेल ते प्रामाणिक समजावे. नुसते 'लिटर प्रति मिनिट' असेल तर दुकानदाराला प्रश्न विचारावा.

अश्वशक्तीची परीक्षा

पट्टी खरे बोलते का, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून घरबसल्या तपासता येते. १ लिटर हवा समतापी रीतीने १ बारपासून निरपेक्ष ९ बारपर्यंत दाबायला सुमारे २२० ज्यूल लागतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. आदर्श यंत्रसुद्धा यातून सेकंदाला ३.४ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० लिटरपेक्षा जास्त हवा देऊ शकत नाही. लहान यंत्रांकडून याच्या निम्मी, म्हणजे दर अश्वशक्तीला १०० लिटरच्या आसपास हवा मिळाली तरी ती चांगली. एक अश्वशक्तीत ८ बारला २५० लिटर असा दावा दिसला, तर तो निसर्गनियमाविरुद्धच आहे असे निःशंक समजावे.

काही पट्ट्यांवर 'कमाल अश्वशक्ती' असा शब्दप्रयोग असतो. घरातल्या ६ अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला मिळतात जास्तीत जास्त १३८० वॉट, म्हणजे दोन अश्वशक्तीलाही थोडे कमी. त्यावर सतत चालणारे यंत्र तीन अश्वशक्तीचे असणे शक्य नाही. मोटारीच्या १२ व्होल्टच्या जोडणीत १० अँपियरचा फ्यूज असेल तर मिळतात १२० वॉट. त्यातले निम्मे कामी आले तर चाकाच्या दाबाला मिनिटाला सुमारे ३० लिटर हवा मिळेल. १.५ वरून २.२ बारपर्यंत चाक भरायला लागतात २१ लिटर, म्हणजे मिनिटभर. एवढ्या कामाला हा पंप उत्तमच आहे. रंगकामाला मात्र तो निरुपयोगी, आणि त्याच्या डब्यावरचे १५० पीएसआय हे सांगत नाहीत.

स्थळ आणि ऋतू

माहितीपत्रके समुद्रसपाटी गृहीत धरतात. सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. साताऱ्यात, सुमारे ७०० मीटरवर, ९३०; आणि महाबळेश्वरला, १३५० मीटरच्या आसपास, ८६०. यंत्र तेच, दट्ट्या तितकीच जागा पुसतो. पण महाबळेश्वरला त्या जागेत समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी हवा येते. शिवाय मापकावर तेच ८ बार गाठायला दाब नऊऐवजी दहापटींहून अधिक वाढवावा लागतो, आणि फटीतले नुकसान ३२ वरून ३७ टक्क्यांपर्यंत जाते.

पावसाळ्यात गोष्ट आणखी रंगते. हवेचे तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असताना १००० लिटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. ती हवा नवव्या हिश्शात कोंबून पुन्हा थंड झाली की तिच्यात अडीच ग्रॅमच मावते. बाकीचे १९ ग्रॅमहून अधिक पाणी टाकीत साचते. सांगलीच्या उन्हाळ्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हाच आकडा चार-पाच ग्रॅमवर येतो. गणेशमूर्ती रंगवण्याचा हंगाम नेमका आषाढ-श्रावणात येतो. रंगावर उमटणाऱ्या पाण्याच्या टिपक्यांचे कारण हे आहे. रोज काम संपल्यावर टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढणे आणि नळीच्या वाटेत पाणी अडवणारी गाळणी बसवणे, हा त्यावर उपाय. तोटी उघडली नाही तर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी हा पुढच्या धोक्याचा पाया ठरतो.

विजेचाही विचार करावा. सुरू होताना मोटार नेहमीच्या चार-पाच पट प्रवाह ओढते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ३० मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे १ ओहम असतो. २० अँपियरला २० व्होल्ट वायरीतच गेले. वाडीवस्तीवर आधीच २०० व्होल्ट मिळत असतील तर मोटारीला पोचतात १८०. मोटारीचा पीळ व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, तो ६० टक्क्यांवर येतो. मग मोटार गुरगुरते, फिरत नाही आणि जळते. वायर लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांबवणे शहाणपणाचे.

कामावरून निवड

थोडक्यात, निवड आकड्यापासून नव्हे तर कामापासून सुरू करावी. चाके भरायची असतील तर टाकी नसलेला लहान पंप पुरतो. बारीक चित्रकामाच्या फवारणीला मिनिटाला १५-२० लिटर लागतात, पाऊण अश्वशक्तीचे यंत्र त्याला भरपूर आहे. रंगाच्या लहान गनला मात्र १५० लिटर लागू शकतात. यंत्र देते ७०, तूट ८० लिटरची. टाकीतले १२५ लिटर दीड मिनिटात संपतील. एक खुर्ची थांबत-थांबत रंगवता येईल, घराच्या भिंती नाहीत. तेल न लागणारे यंत्र रंगाला चांगले, कारण हवेत तेलाचे कण येत नाहीत. पण ते बहुधा आवाज जास्त करते आणि लवकर झिजते.

शाळेत यंत्र आणले असेल तर त्याचीच परीक्षा घ्यावी. टाकीची तोटी बंद करून काटा ४ वरून ७ बारवर जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. यंत्र थांबवून टाकी थंड होऊ द्यावी आणि काटा पुन्हा वाचावा. समजा ६० सेकंद लागले आणि थंड झाल्यावर ६.७ बार उरले. २५ × २.७ = ६७.५, सांगलीचा दाब ०.९५ बार धरला तर तेथील मुक्त हवा मिनिटाला ७१ लिटर. हा आकडा पट्टीवरच्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहावा. दोन्हींतला फरक मुलांना बरेच काही शिकवील.

न छापलेला मजकूर

पत्रकांवर सर्वांत मोठा आक्षेप सुरक्षिततेच्या मजकुराबद्दल आहे. तो बहुधा शेवटी, बारीक टाइपात आणि इंग्रजीत असतो. ८ बारला भरलेल्या २५ लिटरच्या टाकीत सुमारे २० हजार ज्यूल ऊर्जा असते. ५० किलोचे पोते ४० मीटर उंच नेण्याइतकी ही ऊर्जा आहे. टाक्यांची चाचणी पाणी भरून घेतात ती यामुळेच: पाणी फारसे दबत नाही, म्हणून त्यात ऊर्जाही फारशी साठत नाही. सुरक्षा-झडप कधीही बंद करू नये किंवा बांधून ठेवू नये. पीव्हीसीचे पाइप दाबाच्या हवेला वापरू नयेत, ते फुटताना तुकडे उडतात. हवेचा झोत अंगावर किंवा कपड्यांवर कधीही मारू नये. थट्टेत मारलेल्या झोताने आतडी फाटून माणसे दगावलेली आहेत. साफसफाईच्या हवेला अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ३० पीएसआयची मर्यादा आहे ती उगीच नव्हे. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर आणि टाकाऊ सिलिंडर जोडून केलेले प्रदर्शनातील 'टाकाऊतून टिकाऊ' यंत्रही याच कारणाने शिक्षकांनी नाकारावे. ज्या टाकीची जाडी आणि गंज माहीत नाही, ती मुलांच्या गर्दीत ठेवण्याची वस्तू नव्हे.

हे सर्व मराठीत, सोप्या शब्दांत सांगता येणार नाही काय? याच भागाचा इतिहास वेगळे सांगतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेव्हाच्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालवल्याशिवाय नांगर खपणार नव्हता. १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक मराठीत निघू लागले. माल विकायचा तर गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत समजावले पाहिजे, ही जाणीव या मातीत शंभर वर्षांपूर्वी होती. हवेचे यंत्र विकणाऱ्यांकडून चार ओळींची मराठी पत्रिका मागणे म्हणूनच अवाजवी नाही.

तोवर ती पत्रिका शिक्षकांनीच तयार करावी. त्यात चारच प्रश्न असावेत: कोणत्या दाबाला प्रत्यक्ष किती हवा मिळते? सतत किती मिनिटे चालते? टाकीची चाचणी कोणत्या दाबाला झाली आहे? सुरक्षा-झडप किती बारला उघडते? दहावीतला विद्यार्थी हे प्रश्न घेऊन दुकानात गेला आणि उत्तरे लिहून आणली, तर बॉइलचा नियम त्याला परीक्षेनंतरही आठवेल.