अकरा रेस, चौदा फिल्म: निकालाचा तक्ता कसा वाचायचा?

मागच्या आठवड्यात लातूरहून पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, प्रोग्रेस रिपोर्टमध्ये फक्त चांगले रिझल्ट दाखवले तर चालतं का? सगळेच तसं करतात ना?" (सर म्हणू नका हो, माझंच अजून सबमिशन बाकी आहे.) फोनवर मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते धड जमलं नाही. म्हणून आज नीट लिहितोय. मात्र उदाहरण लॅबमधलं घेणार नाही, कार रेसिंगचं घेणार आहे. लॅबचं शेवटी येईलच.

आपल्याकडे रेस म्हटलं की शंकरपट आठवतो. कारची रेस आपण टीव्हीवर पाहिलेली. पण मला एका सीझनने फार शिकवलं, तो म्हणजे अमेरिकेतला १९७० चा ट्रान्स-ॲम. आणि त्या काळावरचं एक पुस्तक, मार्क डोनह्यूचं 'द अनफेअर ॲडव्हांटेज'. आजची पोस्ट म्हणजे त्या सीझनच्या नेहमीच्या गोष्टीची आणि या पुस्तकाची थोडी चिरफाड.

आधी खेळ समजून घ्या

ट्रान्स-ॲम ही मालिका १९६६ साली सुरू झाली. रस्त्यावर धावणाऱ्या, शोरूममध्ये मिळणाऱ्या सेडान गाड्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पळवायच्या. मोठ्या गटात इंजिनाची मर्यादा साधारण ५ लीटर. आपल्या गल्लीतल्या स्विफ्टचं इंजिन १.२ लीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. तो मसल कारचा काळ होता. मस्टँग, कमॅरो, जॅव्हलिन, चॅलेंजर, सगळ्या कंपन्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: आमची गाडी भारी. रविवारी जिंकायचं आणि सोमवारी विकायचं, असा सगळा हिशोब.

म्हणूनच सुरुवातीला किताब फक्त कंपनीला मिळायचा. ड्रायव्हरचा वेगळा किताब १९७२ मध्ये आला. त्यामुळे १९७० चा "चॅम्पियन ड्रायव्हर" असं कुठे वाचलंत तर लक्षात ठेवा, ते लेबल नंतर चिकटवलेलं आहे. जुन्या डेटाला नवीन व्याख्या लावायची ही सवय आपल्या विषयांतही भरपूर आहे. जुना पेपर वाचताना आधी विचारायचं: हा शब्द त्या वेळी याच अर्थाने वापरत होते का?

आता तक्ता

१९७० मध्ये मोठ्या गटाच्या ११ रेस झाल्या. फोर्डने ६ जिंकल्या: पार्नेली जोन्सने ५ आणि त्याचा टीममधला जोडीदार जॉर्ज फॉल्मरने १. दोघेही बड मूरच्या टीमच्या मस्टँग बॉस ३०२ मध्ये. एएमसीने ३ जिंकल्या, तिन्ही मार्क डोनह्यूने, रॉजर पेन्स्केच्या टीमच्या जॅव्हलिनमध्ये. शेव्हरोलेच्या कमॅरोने २, एक मिल्ट मिंटरने आणि एक व्हिक एलफर्डने. किताब फोर्डला. नेहमीची गोष्ट इथेच संपते: सगळ्या कंपन्या उतरलेला सोनेरी सीझन आणि त्यात मस्टँग सर्वश्रेष्ठ.

आपण लातूर पॅटर्नच्या छायेत वाढलेली माणसं. मेरिट लिस्ट दिसली की पहिलं नाव म्हणजे सगळ्यात हुशार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून हा तक्ता जरा थांबून वाचू.

फोर्ड आणि एएमसी यांच्यातल्या ९ विजयांची विभागणी ६-३. समजा दोन्ही गाड्या अगदी तोडीस तोड होत्या आणि निकाल नाणेफेकीसारखा लागला. ९ वेळा नाणं उडवलं तर ६-३ किंवा त्याहून एकतर्फी विभागणी, कुठल्याही बाजूने, किती वेळा येईल? वही घ्या आणि करा. ५१२ पैकी २६० शक्यता. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच! फक्त या आकड्यावरून "मस्टँग जॅव्हलिनपेक्षा सरस" असं म्हणता येत नाही. तोडीस तोड होत्या हेही सिद्ध होत नाही, बरं का. एवढ्या डेटावर दोन्हीपैकी काहीच ठामपणे म्हणता येत नाही, इतकंच.

पण थांबा, माझं हे गणितही चुकीच्या मॉडेलवर उभं आहे. नाणेफेकीत क्रमाला अर्थ नसतो. इथे आहे. पहिल्या ४ रेस फोर्डने जिंकल्या. मधल्या ५ मध्ये फोर्डला एकही विजय नाही. डोनह्यू, मिंटर, डोनह्यू, डोनह्यू, एलफर्ड असा क्रम आहे. शेवटच्या २ पुन्हा जोन्सच्या. म्हणजे सीझनच्या आत काहीतरी बदलत होतं. बेरीज केली की ते पुसलं जातं. डेटा हातात आला की आधी तो वेळेच्या क्रमाने मांडून बघा, सरासरी नंतर काढा. हे मला कोर्सवर्कमध्ये कुणी सांगितलं नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण: फोर्डचे सहाही विजय एकाच टीमचे, एएमसीचे तिन्ही एकाच ड्रायव्हरचे. मग जिंकलं कोण? गाडी, ड्रायव्हर की मेकॅनिक? तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, वेगळ्या करायला जागाच नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

याच्या उलट रचना आपल्या महाराष्ट्रातल्या गाडीने दाखवली. फोक्सवॅगनने २०१५ मध्ये भारतात व्हेंटो कप सुरू केला. व्हेंटो म्हणजे तेव्हा चाकणच्या कारखान्यात बनणारी सेडान. तिथे सगळ्या ड्रायव्हरांना सारखीच गाडी. गाडी स्थिर ठेवली, आता फरक दिसला तर तो बहुतेक माणसाचा. ड्रायव्हर तपासायला ही उत्तम रचना आहे, पण व्हेंटो दुसऱ्या कंपनीच्या गाडीपेक्षा चांगली का, हे ती कधीच सांगणार नाही. ट्रान्स-ॲम बरोबर उलटं: प्रश्न गाडीचा आणि ड्रायव्हर मोकळा सोडलेला. प्रयोगाची रचना ठरवली की कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, हेही तिथेच ठरतं. सिनॉप्सिस लिहिताना हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा.

मग पुस्तक कशाला?

कारण तक्ता कोण जिंकलं एवढंच सांगतो. का जिंकलं, ते नोंदवहीत असतं. डोनह्यू ब्राउन विद्यापीठातून १९५९ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून बाहेर पडला होता. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली. पॉल व्हॅन वाल्कनबर्गच्या साथीने लिहिलेलं हे पुस्तक १९७५ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावातल्या अपघातानंतर तो गेला.

पुस्तकाची मांडणी गाड्यांप्रमाणे आहे. गाडी हातात आली तेव्हा तिच्यात काय बिघाड होता, काय बदललं, काय फसलं. मला सगळ्यात आवडलं ते स्किडपॅडचं. मोकळ्या जागेत ठरलेल्या त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, गाडी त्यावर जास्तीत जास्त वेगाने फिरवायची आणि एका फेरीची वेळ मोजायची. अकरावीचं सूत्र आहे. माझे आकडे घ्या: त्रिज्या ३० मीटर, वेळ ११ सेकंद, तर त्वरण ९.८ च्या जवळ, म्हणजे जवळपास १ जी. वेळ १०.९ सेकंद आली तर ९.९७. वेळेत ०.९ टक्के फरक, त्वरणात १.८ टक्के, कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे. म्हणजे स्टॉपवॉचवरचं बोट जरा उशिरा दाबलं गेलं तरी "नवीन टायर चांगला" असा शोध लागू शकतो! ड्रायव्हरला "गाडी बरी वाटते" असं वाटण्यापेक्षा मोजणं चांगलं, पण मोजण्यालाही चूक असते.

दुसरी ताकद म्हणजे कबुली. पेन्स्केच्या टीमने कमॅरोची बॉडी आम्लात बुडवून पत्रा पातळ केला, वजन कमी केलं. ते तो झाकून ठेवत नाही. नियमांच्या फटी कशा शोधल्या, तेही सांगतो. १९७० चं उदाहरण बघा. मागचा स्पॉयलर रेसमध्ये वापरायचा तर तशा २,५०० गाड्या लोकांसाठी बनवणं भाग होतं. एएमसीने डोनह्यूच्या नावाची जॅव्हलिन काढली आणि गाड्या बनवल्या २,५०१. नियम पाळला, वर एक गाडी जास्त!

आता माझे आक्षेप

पहिला. पुस्तक स्पॉयलरची गोष्ट आणि आम्लाची गोष्ट एकाच मिश्कील सुरात सांगतं. माझ्या मते त्या एक नाहीत. २,५०१ गाड्या सगळ्यांना मोजता येत होत्या. प्रतिस्पर्ध्यालाही तेच करायची मुभा होती. पातळ केलेला पत्रा मात्र कुणाला कळू नये म्हणूनच पातळ केला होता. नियमाची हुशारीने केलेली वाट आणि तपासणाऱ्याची फसवणूक, यांच्यातली रेघ पुस्तक पुसट करतं. संशोधनात हेच होतं. चांगला डिटेक्टर वापरणं हा फायदा आहे. नको ते पॉइंट गुपचूप काढणं हाही फायदाच आहे म्हणा, पण कुठल्या जातीचा?

दुसरा. कबुली आली ती किताब वाटून झाल्यावर. त्या वेळी ज्याने नियमात राहून दुसरा नंबर काढला, त्याला १९७५ च्या पुस्तकाचा काय उपयोग? उशिरा सांगितलेलं खरं हे खरंच असतं, पण त्यावर ज्यांचे निर्णय अवलंबून होते ते निर्णय परत येत नाहीत.

तिसरा. ही एकाच टीमची वही आहे. बड मूरच्या गॅरेजमधून असंच पुस्तक आलं असतं तर मधल्या ५ रेसचं कारण कदाचित वेगळं दिसलं असतं. जॅव्हलिन सुधारत गेली म्हणून की मस्टँगचं नशीब फिरलं म्हणून? एका बाजूची नोंद, कितीही प्रामाणिक असली, तरी ते प्रतिस्पर्ध्याचं मोजमाप होत नाही.

एवढं बोलूनही सांगतो, पुस्तक मिळालं तर वाचाच. फसलेल्या प्रयोगांना एवढी जागा देणारं लेखन मी आमच्या विषयात फार कमी पाहिलंय.

आणि माझ्या चौदा फिल्म

आता मूळ प्रश्न. मी झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर काम करतो. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म बनवायची, आणि ती अमोनिया वायू किती ओळखते ते बघायचं. दुसऱ्या वर्षाच्या प्रेझेंटेशनमध्ये मी ३ फिल्मचे ग्राफ दाखवले. सुंदर ग्राफ होते. ॲल्युमिनियम मिसळल्यामुळे प्रतिसाद वाढला, असा निष्कर्ष. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "एकूण किती बनवल्या होत्या?"

"चौदा."

"मग बाकीच्या अकरा कुठे आहेत?"

रात्री खोलीवर येऊन वही काढली. ६ ची नोंद होती. ५ ची नव्हतीच. खराब निघाल्या म्हणून टाकून दिल्या आणि तारीखसुद्धा लिहिली नाही. मग जेवढं होतं तेवढं तारखेप्रमाणे मांडलं आणि पोटात गोळा आला. माझ्या तिन्ही चांगल्या फिल्म एकाच आठवड्यातल्या होत्या, फवारणीचा नोझल नवीन बसवल्यानंतरच्या. मग प्रतिसाद कशामुळे वाढला, ॲल्युमिनियममुळे की नोझलमुळे? गाडीमुळे की ड्रायव्हरमुळे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ५ फिल्मच्या नोंदी असत्या तर कदाचित असतं. चार महिने घालवून सगळं पुन्हा केलं, या वेळी दोन्ही नोझलवर, दोन्ही प्रकारच्या फिल्म. परिणाम आहे, पण आधी दाखवला होता त्याच्या निम्माही नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. तिन्ही ग्राफ खरे होते. म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं, कारण मला स्वतःलाही ते पटलं होतं.

तर लातूरच्या त्या ताईला माझं उत्तर असं: चांगला रिझल्ट जरूर दाखवा, पण त्याच स्लाइडवर "एकूण इतक्यांपैकी" हा आकडा लिहा. फेकलेल्या सॅम्पललाही नंबर द्या, तारीख द्या, का फेकलं ते एका ओळीत लिहा. सगळेच तसं करतात, हे खरं असेलही. पण व्हायवाच्या दिवशी "सगळे" तुमच्या शेजारी उभे राहत नाहीत.

आज रात्रीचा होमवर्क: तुमच्या वहीतला सगळ्यात आवडता ग्राफ काढा आणि त्याच्या मागे न दाखवलेले किती आहेत ते मोजा. आकडा आठवत नसेल तर उद्यापासून नवीन पान.