बेडकांचा बहर

लेगोच्या बोन्साय झाडाचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. 2021 साली आलेला, 878 तुकड्यांचा सेट. झाडावर चेरीचा गुलाबी बहर दिसतो. फोटो झूम केला की कळतं, फुलांच्या जागी चक्क छोटे गुलाबी बेडूक बसलेत. ज्याला दाखवावं तो हसतो आणि म्हणतो, “काय जुगाड केलाय!”

कौतुक योग्यच आहे. शब्द मात्र मला पटत नाही.

जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. तुटलेल्या वायरला गुंडाळलेली चिकटपट्टी, किंवा डेडलाइनच्या रात्री कोडमध्ये घुसडलेला आणखी एक इफ-एल्स. काम चालतं, पण कुठेतरी ताण साचतो आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला तरी निस्तरावा लागतो. लेगोत नेमका हा ताणच चालत नाही.

थोडं गणित करू. विटेवरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6 आणि पातळ प्लेटची 3.2. म्हणजे तीन प्लेटची एक वीट. आता पाच प्लेट एकावर एक रचा. उंची होते 16 मिलिमीटर, आणि दोन स्टडची रुंदीही 16! त्यामुळे पाच प्लेटची चळत आडवी केली की ती दोन स्टडच्या जागेत नेमकी मावते. विटांच्या बाजूला असलेले स्टड वापरून केलेल्या अशा आडव्या बांधणीला चाहते ‘स्नॉट’ म्हणतात, म्हणजे ‘स्टड्स नॉट ऑन टॉप’.

आता याच्या उलट उदाहरण. स्टडचा व्यास 4.8, म्हणून शेजारच्या दोन स्टडमध्ये फट उरते 3.2 ची. प्लेटची जाडीही 3.2. कागदावर प्लेट त्या फटीत उभी बसायला हवी. प्रत्यक्षात ती दाबून बसवावी लागते आणि तुकड्यांवर ताण येतो. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी 2006 मध्ये अशा ताण देणाऱ्या जोडण्यांवर एक सादरीकरण केलं होतं. चाहत्यांच्या भाषेत ही जोडणी ‘बेकायदेशीर’. दोन्हीकडे आकडे जुळतात, पण एकीकडे तुकडे निवांत बसतात आणि दुसरीकडे जीव मुठीत धरून.

या कसोटीवर बेडूक पास होतो. त्याला वाकवलेलं नाही, कापलेलं नाही. तो नेहमीसारखाच स्टडवर बसलाय. बदललाय फक्त रंग आणि शेजार. 2014 च्या ‘पॅरिसियन रेस्टॉरंट’ सेटमध्ये इमारतीच्या दर्शनी भागावरच्या नक्षीत पांढरे क्रोसाँ आहेत. तिथेही हेच. लांबून नक्षी, जवळून खाऊ. दोन्ही अर्थ एकाच वेळी दिसतात, म्हणून मजा येते.

माझी तक्रार वेगळी आहे. बेडूक फोटोत दिसतो, म्हणून त्याच्या वाट्याला लाइक्स येतात. पाच प्लेटचं गणित भिंतीच्या आत लपून राहतं. सूचनापुस्तिका फक्त चित्रांतून बोलते. कुठला तुकडा कुठे लावायचा ते सांगते, पण इथे वीट आडवी का केली ते सांगत नाही. त्यात बोन्सायसारखे सेट अठरा वर्षांवरच्यांसाठी विकले जातात. एका वीकेंडला बांधायचे आणि शोकेसमध्ये ठेवायचे. अशा वेळी डिझायनरने केलेला विचार आपण हातांनी फक्त कॉपी करतो. कोड पेस्ट केला, रन झाला, पुढे चला.

तरीही कोडच्या तुलनेत लेगो उदार आहे. इथे काहीच कंपाइल होऊन बंद होत नाही. प्रत्येक जोड जशी लागली तशी निघते, तुकडा शाबूत राहतो, आणि निघताना तो कशाच्या आधारावर उभा होता ते दिसतं. म्हणून माझ्या मते हे सेट बांधण्यापेक्षा खोलताना जास्त वाचता येतात. तुमच्या शेल्फवर एखादा धूळ खात पडला असेल, तर तो वरून खाली, सावकाश सोडवा. पुस्तिका न उघडता.