'कथित' कोणाच्या वाट्याला?

कामरगावात चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. एका सकाळी 'कथित जातीय अत्याचार' असा मथळा वाचला गेला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतमजुराने मला विचारले, "गुरुजी, कथित म्हंजे खोटं काय जी?" मी मास्तरकी थाटात 'कथ्' धातू सांगितला; कथित म्हणजे सांगितलेले, एवढेच. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

आज वाटते, चूक माझीच होती. शब्दाचा अर्थ कोशात असतो तितकाच वापरातही असतो. कायद्याच्या इंग्रजीवरून मराठी बातमीत रुजलेल्या या वापराचा अर्थ, आरोप झाला आहे, सिद्ध व्हायचा आहे. आमच्या वऱ्हाडी बोलण्यात हे काम 'म्हणे' करते. पण 'म्हणे' म्हणणारा स्वतःच कबूल करतो, की मी पाहिले नाही, ऐकले आहे. 'कथित'मध्ये सांगणाराच गायब होतो. ज्या बाईने मार खाल्ला, डोळ्यांनी पाहिले, नाव घेऊन फिर्याद दिली, तिचे सांगणेही ऐकीव गोष्टीच्या रांगेत जाऊन बसते.

सावधगिरीला माझा विरोध नाही. फासेपारध्याच्या पोराला चोर ठरवणाऱ्या बातमीत ती हवीच. परंतु १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तेव्हा हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही. १९५२ मध्ये तो कायदा गेला. लिहिणाऱ्यांची सवय गेली नाही. प्रश्न शब्दाचा नाही, त्याच्या वाटपाचा आहे.

महाडचेच पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. तेवढ्या अफवेवर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची अनादी वहिवाट आहे, असा दावा सवर्णांनी कोर्टात लावला. डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि दुसऱ्या परिषदेत पाणी घेण्याचा बेत बाबासाहेबांना तहकूब करावा लागला. म्हणजे सिद्ध न झालेल्या एका दाव्याने हजारो तहानलेल्यांना तळ्याच्या काठावरून परत पाठवले! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की ही अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. तोवर ती 'कथित वहिवाट'च होती; पण 'वहिवाट' या शब्दामागे 'कथित' लावायला येथे कोणाची लेखणी धजते? रूढी, परंपरा, पूर्वापार मान हे शब्द बातमीत पुराव्याशिवाय ऐटीत फिरतात.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले गेले. सुरुवातीच्या काही बातम्यांनी मारल्या गेलेल्या आईच्या चारित्र्याविषयीचा गावातला प्रवाद हेच कारण म्हणून छापले. प्रवादाकडे पुरावा मागितला गेला नाही. जातीचे कारण मात्र पुराव्याची वाट पाहत दाराबाहेर उभे राहिले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्याला लागू धरला नाही. एवढे होऊनही, मेलेल्या बाईवरचा प्रवाद छापणाऱ्यांनी तो कोणत्या आधारावर छापला, हा प्रश्न उरतोच.

(जाता जाता: 'कथित आरोपी' हा तर भाषिक गोंधळ आहे. आरोप झालेला माणूस आरोपी असतोच. सिद्ध व्हायचा असतो तो गुन्हा.)

आपल्या शिक्षकांनी एवढे करून पाहावे. महिनाभराची वर्तमानपत्रे वर्गात घ्यावीत. 'कथित' कोणत्या शब्दाआधी येतो, त्याखाली मुलांना लाल रेघ ओढायला सांगावी. आणि यायला हवा होता पण आला नाही, तेथे निळी.